गाव निरोगी झालं, पण कुणाच्या जिवावर?

काही महिन्यांपूर्वी एका बाजाराच्या गावी सत्कार-समारंभाला जाण्याचा योग आला. आरोग्य आणि स्वच्छता यांसाठी गावाला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, कमानीला झेंडूच्या माळा, कर्ण्यावर देशभक्तीची गाणी. व्यासपीठावर अकरा खुर्च्या होत्या. दहा खुर्च्यांवर पुरुष. अकराव्या खुर्चीवर सरपंचबाई, डोक्यावरचा पदर सावरत बसलेल्या. त्यांच्या वतीनं भाषण केलं त्यांच्या यजमानांनी. "सगळं गाव एकदिलानं राबलं, म्हणून हा दिवस दिसला," असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. शाली झाल्या, नारळ झाले.

त्या वेळी गावची आशाताई मांडवाच्या मागे होती. दोनशे माणसांच्या चहाचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. घरोघर फिरून कुणाच्या पिंपात डासांच्या अळ्या आहेत हे पाहणारी ती. गरोदर बायकांची यादी ठेवणारी ती. रात्री अडीच वाजता बाळंतिणीबरोबर जीपमध्ये बसून ग्रामीण रुग्णालयात जाणारीही तीच. मी तिला सहज विचारलं, "ताई, तुमचं स्वतःचं रक्त किती आहे हो? कधी तपासलंय?" ती हसली. म्हणाली, "माझं कुठं काय घेऊन बसलात ताई! सगळ्या गावाच्या याद्या मीच करते. त्या यादीत माझं नाव नसतंय."

मैत्रिणींनो, 'लोकसहभागातून आरोग्य' हा शब्द आपण गेली कित्येक वर्षं ऐकतो आहोत. सरकार तो वापरतं, संस्था वापरतात, आपणही आपल्या शिबिरांतून वापरतो. गाव एकत्र आलं की आजार हटतो, हे खरंच आहे. त्याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते 'गाव' या शब्दाशी. बक्षीस घेताना गाव म्हणजे पुरुष, आणि राबताना गाव म्हणजे बायका, अशी वाटणी कुणी केली? आणि ती आपण इतकी वर्षं चालू कशी दिली?

जामखेडची गोष्ट, आणि तिचा विसरलेला अर्धा भाग

लोकसहभागाचं नाव निघालं की महाराष्ट्रात पहिल्यांदा जामखेडचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे दुष्काळी टापूतलं छोटं शहर. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं तिथे आणि आसपासच्या खेड्यांत ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांच्या कामाला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ साली. सुरुवातीला त्या गावांमध्ये जन्मलेल्या हजार बाळांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवसही पाहत नव्हती. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७८ साली अल्मा-आटा इथे जगभरच्या सरकारांनी 'सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य' असा जाहीरनामा काढला. त्याआधी जगातल्या ज्या थोड्या प्रयोगांकडे पाहिलं गेलं, त्यांत जामखेडही होतं.

ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. पण ती सांगताना 'डॉक्टरांनी त्याग केला आणि गावकऱ्यांनी साथ दिली' एवढ्यावर संपवली जाते. त्या गोष्टीतला खरा उलटफेर मात्र सांगायचा राहून जातो.

आधीचा बेत होता तो शिकलेल्या नर्सनी खेड्यांत राहण्याचा. तो जमला नाही. नर्स गावात राहायला तयार होईनात. मग विचार पुढे आला की गावातलीच एक बाई गावानं निवडावी आणि तिलाच शिकवावं. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या होत्या. बऱ्याच जणी दलित होत्या. काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र मुक्काम करायच्या आणि शिकायच्या. नाळ स्वच्छ ब्लेडनं कशी कापायची, हगवणीच्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, अंगावरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा आहे हे कसं ओळखायचं, अवघडलेल्या बाईला दवाखान्यात कधी न्यायलाच हवं. डॉक्टरांनी स्वतःजवळ राखून ठेवलेलं ज्ञान त्यांनी या बायकांच्या हवाली केलं. वर 'तुला हे जमेल' असंही सांगितलं, आणि ते खरं करून दाखवलं.

आता याचा अर्थ पाहा. जिला पाणवठ्यावर लांब उभं राहावं लागत होतं, तिच्या हातात सवर्ण घरातली बाळंतीण आली. जिच्या बोलण्याला स्वतःच्या घरात किंमत नव्हती, ती पाटलाच्या सुनेला 'आता डोंगराएवढं सरपण आणायचं नाही' म्हणून सांगू लागली. १९७२ च्या दुष्काळात विंधनविहिरी घेतल्या गेल्या तेव्हा त्या दलित वस्तीतही घेतल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथं यावं लागलं. गावोगावी बायकांची मंडळं उभी राहिली, पुरुषांची शेतकरी मंडळंही उभी राहिली. तेव्हा जामखेडमध्ये बाळं जगली ती निव्वळ औषधानं जगली नाहीत. गावातल्या सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या बाईच्या हातात ज्ञान आलं आणि त्या ज्ञानाबरोबर थोडी सत्ता आली. आरोग्य सुधारलं ते या उलथापालथीमुळे. लोक 'एकत्र आले' हे खरं, पण कुणाच्या शब्दाखाली एकत्र आले, हे जास्त महत्त्वाचं होतं.

सरकारनं बाई घेतली, तिची सत्ता घेतली नाही

पुढे सरकारनं ही कल्पना उचलली. पहिल्यांदा १९७७ साली. गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजना निघाली. मानधन दरमहा ५० रुपये. आणि नेमले कोण गेले? बहुतेक पुरुष! बाळंतपण, अंगावर पिणारं पोर, अंगावरून जाणं या गोष्टी बाईनं गावातल्या पुरुषाला सांगायच्या, अशी सरकारची कल्पना होती. ती योजना हळूहळू मोडीत निघाली.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर 'आशा' आली. हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावची सून, आठवी शिकलेली. या वेळी सरकार एक धडा शिकलं होतं, की हे काम बाईच करू शकते. पण दुसराही एक धडा शिकलं होतं, की बाईकडून ते स्वस्तात होतं. आशाला कर्मचारी म्हटलं नाही, 'स्वयंसेविका' म्हटलं. पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळंतपण दवाखान्यात नेलं तर इतके, लस पुरी झाली तर इतके, क्षयरोग्याच्या गोळ्या संपल्या तर इतके. उसाच्या फडात मोळीवर पैसे मिळतात, तसे इथे बाळावर!

स्वयंसेवा म्हणजे स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या वेळात केलेलं काम. जिला रजिस्टरं भरावी लागतात, दर महिन्याला बैठकीला हजर राहावं लागतं, साथ आली की सर्वेक्षणाचा आदेश निघतो, मोबाइलवर माहिती भरली नाही तर जाब विचारला जातो, ती स्वयंसेविका कशी? आदेश नोकरीचा आणि पैसा दक्षिणेचा, असा हा प्रकार आहे. नियमित कामांसाठी केंद्राकडून मिळणारे महिना १००० रुपये २०१८ साली २००० झाले, तेव्हा त्याची केवढी जाहिरात झाली!

मग कोरोना आला. २०२० च्या त्या उन्हाळ्यात लोक दाराच्या कड्या लावून बसले होते, तेव्हा आशा दारोदार फिरत होत्या. कुणाला ताप आहे, कोण मुंबई-पुण्याहून आलं आहे, हे विचारत होत्या. कितीतरी ठिकाणी त्यांना शिव्या खाव्या लागल्या, घरी आल्यावर सासरच्यांनी ओसरीवर झोपवलं. त्या कामासाठी केंद्रानं महिन्याला आणखी १००० रुपये जाहीर केले. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना जागतिक सन्मान दिला. पेपरात फोटो आले. त्यानंतर दोनही वर्षं झाली नव्हती, २०२४ च्या सुरुवातीला त्याच आशा मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून बसलेल्या होत्या. कशासाठी? शासनानं कबूल केलेल्या वाढीचा लेखी आदेश निघावा म्हणून! जिनिव्हात सन्मान आणि आझाद मैदानात ठिय्या, ही आमच्या लोकसहभागाची दोन टोकं आहेत.

तो आदेश मार्च २०२४ मध्ये निघाला, राज्याकडून महिन्याला ५००० रुपयांची वाढ मिळाली. ती कुणाच्या कृपेनं मिळालेली नाही. घरचं, पोराबाळांचं मागे टाकून मैदानात बसलेल्या बायकांनी ती मिळवली. आशांनी गावाला एकत्र आणलं, याचं कौतुक सगळे करतात. पण आशा स्वतः एकत्र आल्या, तेव्हा मात्र त्यांना 'हट्टी' म्हटलं गेलं. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यादीत नसलेली बाई

आता त्या चहा गाळणाऱ्या ताईच्या वाक्याकडे परत येऊ. "त्या यादीत माझं नाव नसतंय." हे एकट्या आशेचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे.

गावाच्या आरोग्याच्या याद्या काढून पाहा. गरोदर माता, स्तनदा माता, शून्य ते सहा वयाची बालकं, जोडपी. बाई त्यांत आहे, पण ती कुणाची तरी आई म्हणून. पोटात मूल नाही, मांडीवर मूल नाही, नसबंदी होऊन गेली, की बाई यादीतून जवळजवळ गळते. तिची कंबर, तिचं अंगावरून जाणं, तिचं रक्त कमी असणं, रात्र-रात्र जागून काढणं, नवऱ्याच्या मारानं आखडलेला खांदा, या कशाचा रकाना नाही.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांची पाहणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. ६५० बायका तपासल्या. शंभरातल्या ब्याण्णव जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि यापूर्वी आयुष्यात कधीतरी या दुखण्यासाठी आतून तपासणी झाली होती ती शंभरातल्या फक्त आठ जणींची. त्या बायका आजारी नव्हत्या का? होत्या. पण 'बाईच्या जातीला हे असायचंच' असं समजून चालत होत्या. त्या पाहणीला आता साडेतीन दशकं उलटली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. गावाला बक्षीस मिळतं आणि गावातली निम्म्याहून जास्त बाई पांढरीफटक! मग निरोगी झालं ते कोण?

आणि ज्या दुखण्याला सरकारी यादीत जागा नसते, त्याला बाजारात जागा मिळते. जामखेडच्या शिवेला लागूनच बीड जिल्हा आहे. या सगळ्या पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळी आली, अंगावरून जास्त गेलं, तरी खाडा करायचा नाही, कारण खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. फडात संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाण्याचा पत्ता नाही. मग ओटीपोटात दुखायला लागतं आणि खाजगी दवाखान्यात सांगितलं जातं, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." २०१९ साली याचा बोभाटा झाला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांत चाळिशी न गाठलेल्याही पुष्कळ होत्या.

जिथल्या बायकांनी जगाला आरोग्य शिकवलं, त्या टापूच्या शेजारी हे घडलं. का घडलं? त्या बायकांच्या गावात आशा नव्हती म्हणून नाही. आशा होती. पण तिच्या रजिस्टरात पांढऱ्या पाण्याचा रकाना नव्हता. ते दुखणं उपकेंद्रात साध्या औषधांनी बरं करण्याची सोय तिच्या हाताशी नव्हती. आणि 'या डॉक्टरचं ऐकू नका, दुसऱ्याला दाखवा' असं ठणकावून सांगण्याची ताकद तिला कुणी दिलेली नव्हती. जामखेडच्या बाईकडे होतं आणि आशेकडे नाही, ते हेच!

पुरुषांचा सहभाग कुठे आहे?

गाव एकत्र येतं म्हणतात, तर मग पुरुषांनी काय केलं ते एकदा मोजू या.

कुटुंब लहान ठेवायचं काम कुणाचं? देशातल्या लग्न झालेल्या शंभर बायकांपैकी जवळजवळ ३८ जणींचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदी हजारात तीन! ही २०१९-२१ ची पाहणी आहे. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, टाका नाही म्हटलं तरी चालेल, दोन दिवसांत माणूस कामाला लागतो. पण 'त्याला कष्टाचं काम असतं' म्हणून पोट फाडून घ्यायचं ते बाईनं. जशी काही बाई दिवसभर पाटावर बसून असते!

दारूचं घ्या. गावाच्या आरोग्यावर दारूएवढा घाला दुसऱ्या कशाचा नसेल. गडचिरोलीत बायकांनी आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. इतरत्र गावातलं दुकान बंद करायचं तर 'उभी बाटली की आडवी बाटली' असं मतदान घ्यावं लागतं. आणि नियम काय? मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, तर यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायला हवं. मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची, ऊसतोडीला गेलेल्यांची नावं यादीत असतात, ती सगळी दुकानदाराच्या बाजूनं मोजली जातात. आमदार निवडून यायला एवढी मतं लागत नाहीत! आणि मतदानाच्या आदल्या रात्री घराघरांतून बायकांना धमक्या देणारे कोण असतात? एकदिलानं राबलेल्या त्याच गावातले पुरुष.

स्वच्छतेचं तर बोलायलाच नको. २०००-०१ पासून संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. चांगलं अभियान, त्यानं पुष्कळ गावांचं रूप पालटलं. स्वतः गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला होता. पण त्यांच्या नावाच्या अभियानात समिती यायच्या आधी पहाटे चारला उठून रस्ते झाडले कुणी, सडे-रांगोळ्या घातल्या कुणी? संडास बांधला की त्यात लागणारं पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं? घरात नळ नसेल तर संडास म्हणजे बाईला दिवसाला चार हंडे जादा. हा हिशेब कुठल्या समितीनं केला?

'पण सेवेचा मोबदला मागायचा का?'

असं म्हटलं की काही ठरावीक आक्षेप येतात. आपल्याच माणसांकडून येतात, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप: 'पैसा आला की सेवाभाव जातो.' हा नियम डॉक्टरांना का लागत नाही? जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा पगार झाला म्हणून त्याचा सेवाभाव गेला, असं कुणी म्हणत नाही. सेवाभाव जायची भीती फक्त बाईच्याच बाबतीत वाटते. घरातल्या कामाला आपण 'प्रेम' म्हणतो आणि गावातल्या कामाला 'सेवा'. दोन्ही शब्दांचा उपयोग एकच, पैसे न देणं!

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: 'जामखेडच्या बायकाही पगारासाठी काम करत नव्हत्या.' हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. त्या प्रकल्पाचा भर पगारावर नव्हता, बायकांनी स्वतःच्या पायांवर उभं राहण्यावर होता. पण तिथं त्या बाईला दुसरं बरंच काही मिळत होतं. शिक्षण एकदाच उरकायचं नव्हतं, ते दर आठवड्याला चालू होतं. बरोबरीच्या बायकांची सोबत होती. पाठीशी मंडळ होतं, आणि तिनं पाठवलेल्या रोग्याला हात न लावता परत धाडणार नाहीत असा दवाखाना होता. आशेला हे काहीच न देता फक्त 'पगार नको' एवढीच गोष्ट जामखेडमधून उचलायची, ही लबाडी आहे. शिवाय काही गावांतल्या एका संस्थेचा प्रयोग वेगळा आणि दहा लाख बायकांना राबवून घेणारं सरकार वेगळं. सरकार ज्याच्याकडून रोज काम घेतं, त्याला वेतन देणं हा कायद्याचा आणि न्यायाचा भाग आहे.

तिसरा आक्षेप: 'आरोग्यात राजकारण आणू नका, सगळ्यांनी मिळून-मिसळून करू या.' पाणी कुठल्या आळीला आधी येतं हे राजकारण आहे. डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतो हे राजकारण आहे. २००७ साली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत लोकांनी उठून विचारलं, औषधं बाहेरून का आणायला सांगता, डॉक्टर हजर का नसतात, पैसे का मागता. तेही लोक एकत्र येणंच होतं. पण अशा एकत्र येण्याला बक्षिसं मिळत नाहीत. झाडू घेऊन एकत्र आलात तर शाबासकी, प्रश्न घेऊन एकत्र आलात तर कपाळाला आठी!

आपण काय मागायचं, आपण काय करायचं

आशा आणि गटप्रवर्तक यांना कामगाराचा दर्जा, किमान वेतन, आजारपणाची रजा आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळालं पाहिजे, ही पहिली मागणी. ती फक्त त्यांच्या युनियनची नाही, आपल्या सगळ्यांची असायला हवी. आपलं बाळंतपण त्यांनी केलेलं आहे.

दुसरी मागणी: वयात आलेल्या मुलीपासून म्हातारीपर्यंत प्रत्येक बाईची वर्षातून एकदा उपकेंद्रात तपासणी, बाई डॉक्टरकडून, पडद्याच्या आड. गर्भपिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत सरकारी खर्चानं मिळालं पाहिजे. ऊसतोडीच्या फडावर संडास, पाणी आणि पाळीच्या दिवसांत बिनदंडाची सुट्टी मिळाली पाहिजे.

तिसरी गोष्ट मागायची नाही, करायची आहे. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते, सह्यांसाठी वही घरोघर फिरते. आपल्या प्रत्येक गटानं ठरवावं की आपल्या गावात ती खरीखुरी भरवायची. त्यात गावाच्या आरोग्य समितीचा जमाखर्च मोठ्यानं वाचायला लावायचा. आशाताईला बोलायला उभं करायचं, चहा करायला नाही. सरपंच बाई असेल तर तिलाच बोलू द्यायचं, तिच्या यजमानांना मागच्या सतरंजीवर बसवायचं. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या जागांवर बसलेल्या बायकांनी तोंड उघडल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

आणि थोडं स्वतःकडेही पाहू या. आपल्या संघटनांनीही 'कार्यकर्ती' हा शब्द असाच वापरला नाही का? खेड्यातल्या बाईला शिबिराला बोलावलं, शिकवलं, तिच्याकडून सर्व्हे करून घेतले, आणि एसटीच्या भाड्याचे पैसे द्यायची वेळ आली की 'चळवळीसाठी थोडं सोसावं लागतं' असं सांगितलं. अहवालावर नाव आपलं छापलं. तेव्हा बोट दाखवताना ते आपल्याकडेही वळू दे.

त्या बाजाराच्या गावी निघताना मी आशाताईला म्हटलं, "पुढच्या बैठकीला तुमचं रक्त तपासून घ्या, आणि यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहा." ती म्हणाली, "लिहिते. पण मग इतर बायका म्हणतील, आमचंपण लिही."

म्हणू देत की! गावातल्या सगळ्या बायका जेव्हा असं म्हणतील, आणि ते नाव लिहून घ्यायला सरकारला, पंचायतीला, नवऱ्यांना भाग पाडतील, त्या दिवशी आपण म्हणू की गाव एकत्र आलं. तोवर ती शाल आणि तो नारळ परत करा.